‘ळ’ची चिठ्ठी आली आहे, शुक्रवारी वर्गात काय दाखवू?

चिंगीची_आई (सोमवार, रात्री)

नमस्कार मंडळी. लेक साडेपाच वर्षांची, बालवाडीच्या मोठ्या गटात आहे. शाळा मराठी माध्यमाची. दर शुक्रवारी त्यांचं ‘दाखवा आणि सांगा’ असतं. बाईंनी एका डब्यात अक्षरांच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. ज्याला जे अक्षर निघेल त्या अक्षराची एक वस्तू घरून न्यायची आणि सगळ्यांसमोर दोन-तीन मिनिटं बोलायचं. मागच्या वेळी एकाला ‘प’ आला, त्याने पतंग नेला. एकीला ‘घ’ आला, तिने आजोबांचं घड्याळ नेलं.

आज चिंगीने चिठ्ठी उचलली. ‘ळ’.

ळ पासून सुरू होणारा शब्दच नाही हे मला माहीत आहे. बाई म्हणाल्या, शब्दात कुठेही असला तरी चालेल. तेवढ्यावर निभावलं असतं, पण खरी अडचण वेगळी आहे. चिंगीला ‘ळ’ म्हणता येत नाही. बाळ म्हणजे ‘बाल’, शाळा म्हणजे ‘शाला’. आम्ही घरात कधी लक्ष दिलं नाही, गोडच वाटायचं. पण महिनाभरापूर्वी खाली खेळताना एका मोठ्या मुलीने तिला चारचौघांत म्हणायला लावलं, ‘शाला नाही गं, शाळा. म्हण परत.’ सगळी हसली. तेव्हापासून ती शाळेला ‘स्कूल’ म्हणते. केळ्याला ‘बनाना’. साडेपाच वर्षांचं मूल शब्द चुकवायला शिकलं, हे माझ्या लक्षात यायलाच पंधरा दिवस लागले.

आता तिला वर्गापुढे उभं राहून नेमका ‘ळ’च दाखवायचा आहे. बाईंना सांगून चिठ्ठी बदलून घेऊ का? की काही सोपं सुचवाल?

रानजाई

चिठ्ठी बदलू नका, तिला कळेल का बदलली ते. वस्तूंना तोटा नाही: नारळ, केळं, डाळ, तांदूळ, माळ, टाळ, पोळपाट, चाळणी, खुळखुळा, बोळकं, खेळण्यातला नळ. आणि गंमत बघा, ‘घ’वाल्या मुलीने नेलेल्या घड्याळातही ळ आहेच की.

हर्णैकर

नारळ न्या. सोललेला नको, शेंडीवाला. शेंडी बाजूला केली की तीन डोळे दाखवता येतात, हलवला की आत पाणी वाजतं, सगळ्या पोरांच्या हातात फिरवता येतो. पडला तरी फुटत नाही सहसा. नारळाचा डोळा, दोन-दोन ळ.

दोन_पोरांचा_बाप

अनुभवाचे बोल सांगतो. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही म्हटलं, पाठ नको करून घ्यायला, मूल आपोआप बोलेल. गडी उभा राहिला, हातात भोवरा, आणि एक शब्द नाही. डोळ्यात पाणी. पुढे सहा महिने स्टेजचं नाव काढलं की पोटात दुखायचं त्याच्या. धाकट्याच्या वेळी चार वाक्यं घोटून घेतली, घडाघडा बोलून आला. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: चार वाक्यं लिहून काढा, त्यात ळ कमीत कमी ठेवा, आणि रोज दहा वेळा म्हणून घ्या.

बालवाडीताई

मी २८ वर्षं बालवाडीत शिकवलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हा धागा वाचून राहवलं नाही.

‘ळ’ आला की घरून काय यायचं सांगू? पुठ्ठ्यावर चिकटवलेलं गुलाबी कमळ. वर्षानुवर्षं तेच. मूल पुठ्ठा तोंडासमोर धरायचं आणि म्हणायचं, ‘कमळ हे आपले राष्ट्रीय फूल आहे. ते चिखलात उगवते.’ मी विचारायचे, तू पाहिलंस का रे कमळ? की गप्प. वाक्य आईचं, चित्र दुकानातलं, मुलाचं त्यात काहीच नाही. मग ते बोलणार तरी काय?

एका वर्षी मात्र एक मुलगा खिशातून दोरा ओढत आला. दोऱ्याच्या टोकाला पितळेचं जड वजन. म्हणाला, ‘हा ओळंबा.’ त्याचे वडील गवंडी. त्याने खुर्चीवर चढून दोरा भिंतीशी धरला, वजन हलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहिला, आणि मग आम्हाला सांगितलं, ‘ही भिंत सरळ आहे.’ मग दार बघितलं. ‘दार थोडं कललंय.’ खरंच कललं होतं, पावसाळ्यात लागायचं नाही ते. पोरांनी त्याला वर्गभर फिरवलं, कपाट सरळ आहे का, फळा सरळ आहे का. ओळंबा, पितळ, सरळ, फळा. कुणी मोजून शिकवले नव्हते हे ळ.

म्हणून वस्तू तुम्ही निवडू नका. चिंगीला घरभर हिंडू द्या आणि तिच्यासमोर मोठ्याने ळचे शब्द म्हणत राहा. ज्या वस्तूवर ती थांबेल ती न्या. मग तीनच गोष्टी विचारा: हे काय आहे, कुठून आलं, तू त्याचं काय करतेस. ती जे उत्तर देईल तेच तिचं बोलणं, तिच्याच शब्दांत, तुम्ही व्याकरण सुधारायचं नाही.

दोन_पोरांचा_बाप यांचंही बरोबर आहे एका बाबतीत. पहिलं वाक्य पक्कं हवं. उभं राहिल्यावर तोंडातून पहिलं काय बाहेर पडणार हे मुलाला ठाऊक असलं की अर्धी भीती जाते. तेवढं एक वाक्य घोटा. बाकीचं वस्तू बोलवून घेते. आणि वस्तू अशी असावी की तिला दोन्ही हात लागतील. रिकामे हात फ्रॉकच्या टोकाशी चाळा करतात आणि मूल जमिनीकडे बघायला लागतं.

चिठ्ठी अजिबात बदलू नका.

वाचा_उपचार

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. मुलीला न तपासता काही ठाम सांगणं योग्य नाही, पण सर्वसाधारण चार गोष्टी सांगते.

ळ हा मराठीतल्या उशिरा स्थिरावणाऱ्या आवाजांपैकी आहे. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ळ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि झटकन खाली सुटतं. मुलाला हे दिसत नाही, सगळं तोंडाच्या आत चाललेलं असतं. म्हणून ‘नीट म्हण, परत म्हण’ याचा काही उपयोग होत नाही. त्याला नीट म्हणजे काय तेच माहीत नसतं.

एक युक्ती करून बघा. ट, ड, ण म्हणताना जीभ आधीच मागे वळलेली असते. म्हणून टाळी, टोळ, डाळ, डोळा हे शब्द बाळ, शाळा यांच्यापेक्षा बऱ्याच मुलांना सोपे जातात. खेळताना सहज हे शब्द येऊ देत. आरशासमोर तोंड उघडून ‘जिभेने छप्पर शोध’ असंही खेळता येईल.

ती ‘शाला’ म्हणाली तर तोडू नका. पुढच्या वाक्यात तुम्ही ‘हो, शाळेत काय झालं?’ असं म्हणा. बरोबर आवाज कानावर पडू द्या, तिच्याकडून वदवून घेऊ नका.

शुक्रवारपर्यंत ळ यायलाच हवा असं काही ठरवू नका. चार दिवसांत तो येत नसतो. बाहेरच्या माणसांना तिचं बाकीचं बोलणंही कळत नसेल, किंवा ऐकण्याची थोडी जरी शंका असेल, तर मात्र कान तपासून घ्या आणि जवळच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा.

चिंगीची_आई

बाकीचं सगळं स्पष्ट आहे तिचं, र सुद्धा. ऐकायलाही छान येतं, कपाटातलं चॉकलेट उघडलेलं तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. ताई, तुम्ही सांगितलंत तसं उद्या करते. ओळंब्याची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

शब्दवेडा

चिंगीच्या निमित्ताने थोडं विषयांतर. ळ ने शब्द का सुरू होत नाही, यामागे छान कारण आहे. मराठीतला ळ बहुतेक वेळा दोन स्वरांच्या मधल्या एकट्या ‘ल’पासून आला. संस्कृत फल, मराठीत फळ. कमल, कमळ. काल, काळ. पण जिथे जोडाक्षर ‘ल्ल’ होतं तिथे ल टिकला. संस्कृत फुल्ल, मराठी फूल. म्हणून फुलाला ल आणि फळाला ळ. शब्दाच्या सुरुवातीचा ल दोन स्वरांच्या मध्ये नसतोच, त्यामुळे तो कधी वळला नाही.

‘ण’चंही तेच. पानीय मधून पाणी झालं, पण पर्ण मधून पण्ण होऊन पान. आणि हा आवाज अजिबात नवा नाही. ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे’ने होते. पहिल्याच शब्दसमूहात ळ. तिथे मात्र तो दोन स्वरांमधल्या ‘ड’पासून आला आहे.

वर्णमालेत बिचाऱ्याला ह च्या नंतर, अगदी शेवटी जागा मिळाली, पण मराठीतून ळ काढला तर काळ, वेळ, मूळ, कुळ, बळ काहीच उरत नाही.

आसोद्याची_माहेरवाशीण

शब्दवेडा, छान माहिती. मला एक वेगळं सांगायचं आहे. आमच्या जळगावकडे माझी आजी आयुष्यभर डोळ्यांना ‘डोये’ म्हणाली आणि काळ्या मातीला ‘कायी माती’. बहिणाबाईंच्या कवितेतलं ‘वढाय’ म्हणजे आपलं ‘ओढाळ’च. वऱ्हाडातही तसंच बोलतात. आगरी घरांत जा, तिथे डोळा ‘डोला’ आहे आणि शाळा ‘शाला’च आहे, आणि तिथली माणसं काही बोबडी नाहीत.

चिंगीला हसणाऱ्या मुलीला हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा ‘कायी’ म्हटल्यावर वर्ग हसला होता. त्यानंतर आजीशी फोनवरही मी जपून बोलायला लागले. आजी गेली, आणि आता तो ‘डोये’ ऐकायला कान तरसतात. चिंगीला ळ जरूर शिकवा, पण ‘शाला’ म्हणणं ही लाजेची गोष्ट आहे असं तिच्या मनात राहू देऊ नका.

बंगळूरवासी

+१. आमच्या शेजारी कानडी कुटुंब आहे. त्यांचा चार वर्षांचा मुलगा केळ्याला ‘बाळेहण्णु’ म्हणतो, पावसाला ‘मळे’. माझ्या मुलीला त्याच्याबरोबर खेळून ळ आला, आमच्याकडून नव्हे. गुजरातीत केळुं आहे, मलयाळमच्या तर नावातच ळ आहे. एकटा नाही हो तुमचा ळ.

हडसनपार

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. इथल्या मुलांना ळ फारच अवघड जातो. आम्ही चित्रांच्या जोड्या करतो: वेल आणि वेळ, चाल आणि चाळ, माल आणि माळ. मी शब्द म्हणते, मुलांनी बरोबर चित्रावर उडी मारायची. बोलायचं काहीच नाही, फक्त ऐकून उडी. महिन्याभरात कान तयार होतो, आणि कान तयार झाला की जीभ मागून येते.

चिंगीची_आई (मंगळवार, रात्री)

आज संध्याकाळी घरभर हिंडलो. मी म्हणत होते, हा नळ, ही डाळ, ही आजीची जपमाळ. नारळाला तिने हात लावला आणि सोडून दिला. टाळ आमच्याकडे नाहीत. पोळपाटाशी थोडी थांबली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात खिडकीच्या चौकटीवरून एक मोठा काळा मुंगळा चालला होता. ती ओरडली, ‘आई, मुंगला! मुंगल्यात आहे का तो?’

आहे म्हटलं.

आता तिला मुंगळाच न्यायचा आहे. काडेपेटीत घालून. मी नाही म्हटलं तर रडारड. पोळपाट, नारळ, सगळं बाद. काय करू?

रानजाई

काडेपेटीत मुंगळा म्हणजे वर्गात पळापळ.

बालवाडीताई

मिळाली की वस्तू! मुंगळा न्यायचा नाही, मुंगळ्याचं जे आवडतं ते न्यायचं. उद्या सकाळी गुळाचा खडा गॅलरीत एका पानावर ठेवा आणि तिला शेजारी बसवा. बसू दे तासभर. तुम्ही काही शिकवू नका, फक्त ती विचारेल त्याला उत्तर द्या. शुक्रवारी गूळ न्या. गूळही ळ आणि मुंगळाही ळ.

पन्हाळ्याच्या_पायथ्याला

गूळ म्हटल्यावर मला बोलायलाच हवं. आमचं गुऱ्हाळ होतं, वडिलांच्या काळापर्यंत. गुऱ्हाळ शब्दातही ळ आहे आणि तिथे सगळा ळचाच कारभार. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकायची, रस स्वच्छ व्हायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचा. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. गरम पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी करून बघतो. गोळी जमली की झालं. थोडी घाई झाली तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. लहानपणी आम्ही पोरं उसाच्या कांडक्याला गरम गूळ गुंडाळून खायचो, जिभेला चटका बसायचाच.

चिंगीच्या आई, तिला देताना पांढुरका पिवळाधमक गूळ नको. गडद तपकिरी, थोडा ओलसर द्या. वास त्यालाच असतो आणि मुंगळे त्यालाच येतात. डबीत खाली केळीच्या पानाचा तुकडा घाला, चिकटणार नाही.

दोन_पोरांचा_बाप

पहिलं वाक्य पक्कं करायचं हे मला पटलं. आमच्या धाकट्याला चार वाक्यं पाठ होती, पण बाईंनी ‘तुझ्या बसला चाकं किती?’ विचारल्यावर त्याने तीच चार वाक्यं पुन्हा म्हटली होती. तेव्हा आम्हाला कौतुक वाटलं होतं, आज वाचताना वेगळं वाटतंय.

चिंगीची_आई (गुरुवार, रात्री)

काल आणि आज, दोन्ही सकाळी गॅलरीत बसलो. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. ती कंटाळेल असं वाटलं होतं, पण ती पालथी झोपून पानाकडे बघत राहिली. मग कुंडीमागून एक मुंगळा आला, गुळाला मिशा लावल्या आणि परत गेला. चिंगी हिरमुसली, ‘त्याला नाही आवडला.’ थोड्या वेळाने त्याच वाटेने तीन आले. मी तिला सांगितलं, जाताना तो वासाची वाट ठेवून जातो, त्या वाटेने दुसरे येतात. तिने लगेच त्या वाटेवर बोट फिरवलं. पुढचा मुंगळा तिथपर्यंत आला आणि गोंधळून गोल फिरायला लागला. तिने चेहरा वर केला तेव्हा तिचे डोळे एवढे मोठे झाले होते!

आजीने तिला सांगितलं, म्हणूनच म्हणतात गुळाला मुंगळा चिकटतो. ती दिवसभर तेच म्हणत होती. ‘गुलाला मुंगला.’ मी तोडलं नाही. स्वयंपाक करताना मी आपली गूळ, गूळ म्हणत राहिले. सासूबाई पण. नवरा ऑफिसातून फोन करून विचारतो, आज किती मुंगळे आले.

पहिलं वाक्य तिनेच ठरवलं: ‘मी मुंगल्यांना खाऊ दिला.’ मी ‘हा गूळ आहे’ असं सुचवलं होतं. तिने सरळ नाकारलं.

वाचा_उपचार

तिचंच ठेवा. उत्तम आहे.

चिंगीची_आई (शुक्रवार, दुपारी)

आत्ताच आलो घरी. बाईंनी दारात थांबून सांगितलं ते लिहिते, मी आत नव्हते.

डबी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. पहिलं वाक्य म्हटलं. मग एक मुलगा म्हणाला, ‘चावले का?’ आणि त्यानंतर बाईंना बोलायची वेळच आली नाही. वाट कशी असते, बोट फिरवल्यावर काय होतं, पहिल्या दिवशी किती आले आणि दुसऱ्या दिवशी किती. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी अकरा. दोन मिनिटांची तिने आठ केली. एका मुलीने मध्येच म्हटलं, ‘मुंगला नाही, मुंगळा.’ बाई म्हणाल्या, माझा श्वास अडकला. पण चिंगीने तिच्याकडे बघितलं, म्हणाली, ‘हो, तोच. काला असतो,’ आणि पुढे चालू. शेवटी सगळ्यांना गुळाचा खडा वाटला.

ळ एकदाही आला नाही. बाई म्हणाल्या ‘डोळे’ म्हणताना बहुधा आला, त्यांना नक्की सांगता येईना.

जिना चढताना मला म्हणाली, ‘आई, आज शालेत खूप मज्जा आली.’ महिन्याभराने स्कूल म्हणाली नाही. मी जिन्यातच बसले दोन मिनिटं. ती पुढे गेली होती, कुंडीमागे बघायला.

सगळ्यांचे मनापासून आभार. बालवाडीताई, तुम्हाला नमस्कार सांगते, प्रत्यक्ष भेटलात तर पाया पडेन. एक विनंती. पुढच्या आठवड्यासाठी तिच्या मैत्रिणीला ‘ण’ आला आहे. तिच्या आईने घाबरून मला फोन केला, तिला इथला दुवा दिलाय. काही सुचलं तर लिहून ठेवा.

आसोद्याची_माहेरवाशीण

वाचताना डोये भरून आले गं.

हर्णैकर

बाण सगळेच नेतात. मासे वाळवायची टोपली नाहीतर सुतळीचा वेटोळा चालला असता, पण त्यात ण नाही. वेणी न्या म्हणावं, अबोलीची. ताजी मिळेल बाजारात.

बालवाडीताई

आधी त्या मुलीला घरभर हिंडू दे. आणि मध्ये कुठेतरी पिठाची चाळण ठेवा. ण आहेच, आणि चिंगीला मैत्रिणीला सांगता येईल, यात माझंही अक्षर आहे.